दोष हाताचा की मोजमापाचा?

"मॅडम, हात वर करायचा म्हटलं की खांद्यावर कुणी जातं ठेवलंय असं वाटतं. घरी सांगितलं तर म्हणतात, हात तर चांगला धडधाकट दिसतोय तुझा!"

चिपळुणात भौतिकोपचाराचा व्यवसाय करताना हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत अनेक भगिनींच्या तोंडून ऐकले आहे. त्यांतील एकीची हकीकत आज सांगणार आहे. तिचे नावगाव सांगण्याची गरज नाही. हकीकत तिच्या आजाराची आहे, तशी माझ्या चुकीचीही आहे.

वाशिष्ठीपलीकडच्या एका वाडीतली ही बाई, वय बेचाळीस. मान, दोन्ही खांदे, पाठ, कंबर, मांड्या असे सारे अंग वर्षभर दुखत होते. रात्री झोप लागे, पण सकाळी उठताना अंग पुन्हा ठेचल्यासारखे. पडवीतल्या दोरीवर कपडे वाळत घालणे, विहिरीचे पाणी ओढणे, मुलीची वेणी घालणे, एसटीत वरचा दांडा धरून उभे राहणे ही सगळी कामे तिला डोंगराएवढी वाटू लागली होती. रक्ताच्या तपासण्या आणि एक्स-रे यांत काही निघाले नाही. अखेर तज्ज्ञ डॉक्टरांनी 'फायब्रोमायल्जिया' असे निदान केले आणि व्यायाम शिकण्यासाठी तिला माझ्याकडे पाठवले.

व्यायाम सुरू करण्यापूर्वी खांद्याची ताकद किती हे पाहावे म्हणून मी हातात धरायच्या ताकदमापक यंत्राने, म्हणजे डायनॅमोमीटरने, मोजमाप घेतले. हात बाजूला उचलताना जोर भरला 8 किलो. आठ दिवसांनी ती पुन्हा आली, पुन्हा मोजले, तर भरला 4 किलो. आठ दिवसांत ताकद निम्मी कशी होईल? मी सरळ म्हणून गेले, "ताई, आज तुम्ही मनापासून जोर लावला नाहीत." शेजारी तिचे यजमान बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिले. ती काहीच बोलली नाही. त्यानंतर ती दोन महिने फिरकली नाही.

दोष तिच्या हातात नव्हता, माझ्या मोजण्यात होता. तो कसा, हे कळण्यासाठी आधी या आजाराची थोडी ओळख हवी.

आजार कोणता?

फायब्रोमायल्जिया हा सांधे झिजण्याचा किंवा सुजण्याचा आजार नव्हे. स्नायूंमध्ये जखम किंवा सूज सापडत नाही, तरीही वेदना खरी असते. मज्जासंस्थेची वेदना ओळखण्याची यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. दारात राखणीला बांधलेला कुत्रा चोर आला की भुंकतो, ते योग्यच. पण तोच कुत्रा मांजर गेले, पान पडले, तरी रात्रभर भुंकू लागला तर? चोर आलेला नसतो हे खरे, पण घरच्यांची झोपमोड काही खोटी नसते. या आजारात शरीराची राखण करणारी यंत्रणा अशीच कारणाशिवाय भुंकत राहते.

पूर्वी याला 'फायब्रोसायटिस' म्हणत. हा शब्द इंग्लंडचे डॉ. विल्यम गॉवर्स यांनी 1904 साली रूढ केला. त्यात सूज असल्याचा अर्थ होता. सूज सापडेना, म्हणून 1970 च्या दशकात 'फायब्रोमायल्जिया' हे नाव पुढे आले. 1990 साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने निदानाचे निकष ठरवले. तीन महिन्यांहून अधिक काळ सर्वांगात वेदना, आणि अंगावरील ठरावीक 18 बिंदूंपैकी निदान 11 ठिकाणी सुमारे 4 किलोचा दाब दिल्यावर दुखणे, असे ते होते. 2010 नंतरच्या निकषांत बिंदू मोजण्याची सक्ती राहिली नाही. किती भागांत दुखते, थकवा किती, झोपेने ताजेतवाने वाटते का, लक्षात राहते का, याला महत्त्व आले. हा आजार पुरुषांनाही होतो, पण उपचाराला येणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ अधिक असतात.

हे शहरी बायकांचे किंवा रिकामपणाचे दुखणे आहे अशी समजूत कुणी करून घेऊ नये. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली संधिवाताची घरोघर पाहणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातून चालणाऱ्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमाचा ती भाग होती. खेड्यातील कष्टकरी माणसांत हाडा-स्नायूंची दुखणी किती मोठ्या प्रमाणावर आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी सांध्यांची नसून स्नायू व आजूबाजूच्या मऊ भागांची असतात, हे तिच्यातून पुढे आले.

ताकद कमी का भरते?

या रुग्णांची ताकद मोजली तर ती अनेकदा त्याच वयाच्या निरोगी स्त्रियांपेक्षा कमी भरते. मग स्नायू खराब झाला आहे का? डेन्मार्कमधील संशोधकांनी 1990 च्या सुमारास एक प्रयोग केला. रुग्णाला पूर्ण जोर लावायला सांगायचे आणि त्याच वेळी स्नायूला बाहेरून विजेचा सौम्य झटका द्यायचा. अनेक रुग्णांमध्ये झटक्याबरोबर जोर आणखी वाढला. म्हणजे स्नायूत ताकद शिल्लक होती, पण ती बाहेर येत नव्हती.

याचा अर्थ 'ढोंग' असा करण्याची घाई होते. मीही तीच केली. पण पायात काटा मोडलेला माणूस त्या पायावर पूर्ण भार देऊ शकत नाही, त्याला आपण ढोंगी म्हणतो का? वेदनेच्या भीतीने मेंदूच हात आखडता घेतो, माणसाच्या नकळत. त्यात दुखते म्हणून काम टाळले जाते आणि न वापरलेला स्नायू खरोखरच दुबळा होत जातो. म्हणून या रुग्णांमध्ये यंत्रावरचा आकडा नुसत्या स्नायूचा नसतो. स्नायू, वेदना, झोप, भीती आणि मोजणाऱ्याची रीत या सगळ्यांचा तो एकत्र आकडा असतो. पहिल्या चार गोष्टी आपल्या हातात फारशा नाहीत. पाचवी मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

पाचपैकी पाच पुरेसे नाही

दवाखान्यात साधारणपणे डॉक्टर रुग्णाचा हात दाबून ताकद पाहतात आणि 0 ते 5 असे गुण देतात. ही पद्धत पोलिओच्या रुग्णांसाठी बॉस्टनमध्ये डॉ. लव्हेट यांच्याकडे सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये जखमी नसांच्या तपासणीसाठी पक्की झाली. पोलिओ किंवा अर्धांगवायू यांसाठी ती उत्तम आहे. पण गोदीतल्या हमालालाही 5 गुण आणि ज्या बाईला घागर उचलवत नाही तिलाही 5, असे तिच्यात सहज घडते. डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणतात, "ताकद चांगली आहे." घरचे त्याचा अर्थ लावतात, "तुला काही झालेलं नाही." म्हणून किलोत मोजणारे साधन लागते.

मोठ्या शहरांतील काही केंद्रांत 'आयसोकायनेटिक' यंत्र असते. त्यात हाताच्या हालचालीचा वेग यंत्र ठरवते आणि प्रत्येक अंशाला किती जोर लागला ते नोंदवते. स्पेनमधील एक्स्ट्रेमादुरा विद्यापीठातील संशोधकांनी नेमका आपलाच प्रश्न हाती घेतला होता. फायब्रोमायल्जिया झालेल्या स्त्रियांच्या खांद्याची ताकद, म्हणजे हात बाजूला उचलण्याची आणि खाली ओढण्याची, अशा यंत्रावर पुन्हा पुन्हा मोजली तर आकडे जुळतात का, असा त्यांचा प्रश्न होता. ही यंत्रे फार महाग असतात. आपल्यासारख्या गावात हातातला मापकच कामाचा. पण साधन साधे असले की रीत अधिक काटेकोर लागते.

दाराची बिजागरी

आता माझ्या चुकीकडे येते. दोन महिन्यांनी जुनी वही चाळताना मला दिसले की पहिल्या दिवशी मी 'कोपराच्या वर' असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी जागा लिहिलीच नव्हती. मग आठवले की त्या दिवशी मी यंत्र मनगटाशी धरले होते.

घरातले दार एकदा कडीजवळ ढकला आणि एकदा बिजागरीजवळ ढकला. दार तेच, पण बिजागरीजवळ दामदुप्पट जोर लागतो. खांदा ही हाताची बिजागरी आहे. खांद्यापासून सुमारे एक वीत अंतरावर, म्हणजे कोपराच्या थोडे वर, यंत्र 8 किलो दाखवत असेल, तर त्याच ताकदीला दोन विती अंतरावर, म्हणजे मनगटाशी, ते 4 किलोच दाखवणार. अंतर दुप्पट, आकडा निम्मा. त्या बाईने दोन्ही दिवशी सारखाच जोर लावला होता. किंबहुना इतक्या दुखण्यात सारखा जोर लावला, हे तिच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण होते.

मी तिला निरोप पाठवला. ती आली. यजमानांसमोर मी चूक कबूल केली आणि दार ढकलून दाखवले. त्यांनीही स्वतः ढकलून पाहिले. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे ती खोटं बोलत नव्हती तर." त्या दिवसापासून मी मोजण्याची रीत बांधून घेतली आहे. ती वाचकांनाही ठाऊक असावी, म्हणजे आपली तपासणी नीट होते आहे की नाही हे त्यांना ओळखता येईल.

नीट मोजायचे तर

पहिली गोष्ट जागेची. खांद्याच्या हाडापासून टेपने अंतर मोजून हातावर पेनाने खूण करावी आणि ते अंतर वहीत लिहावे. पुढच्या वेळी तीच खूण, तोच हात.

दुसरी बसण्याची. पाठीला आधार असलेली तीच खुर्ची, पाय जमिनीवर टेकलेले, हात ठरलेल्या कोनात. हात पूर्ण आडवा, खांद्याच्या पातळीला नेल्यावर अनेकींना कळ येते, म्हणून मी त्याच्या निम्म्या कोनात मोजते. आज बसून आणि उद्या झोपून मोजू नये. पन्नास किलोच्या बाईचा एक हातच सुमारे अडीच किलोचा असतो. बसल्यावर हे ओझेही तिला उचलावे लागते.

तिसरी जोराची. तपासणाऱ्याने रुग्णाचा हात दाबून तिला 'हरवायचे' नसते. त्या रीतीने आकडा मोठा येतो, पण दुखणे चाळवते. यंत्र स्थिर ठेवावे आणि रुग्णाने दोन सेकंदांत हळूहळू जोर वाढवून तीन सेकंद टिकवावा. तपासणारीचा हातच लटपटला तर आकडाही लटपटतो, म्हणून यंत्र पट्ट्याने भिंतीच्या कडीला बांधणे सर्वांत चांगले. यंत्र नसेल तर प्रवासी बॅग तोलण्याचा लोंबता काटा, रुंद मऊ पट्टा आणि भिंतीच्या तळाशी पक्की कडी एवढ्यावर काम भागते. पट्टा हाताशी काटकोनात हवा. काटा खरा आहे ना, हे वाण्याकडचे पाच किलोचे वजन टांगून अधूनमधून पडताळावे.

चौथी सरावाची. पहिल्यांदा यंत्र पाहून माणूस बिचकतो. एक-दोन हलके प्रयत्न आधी करून घ्यावेत, ते मोजू नयेत. मग तीन प्रयत्न, मध्ये निदान एक मिनिट विश्रांती. तिन्हींची सरासरी घ्यायची की सर्वांत मोठा आकडा, हे एकदा ठरवावे आणि मग बदलू नये. पहिल्या भेटीचा आकडा मी कच्चा समजते, आठवड्याने पुन्हा मोजून मगच उपचार सुरू करते. नाहीतर नुसत्या सरावाने वाढलेला आकडा आपण उपचाराच्या खात्यावर जमा करतो.

पाचवी शब्दांची. एकदा "जोर लावा, शाब्बास, आणखी!" म्हणायचे आणि एकदा गप्प बसायचे, याने फरक पडतो. प्रत्येक वेळी तेच शब्द, त्याच आवाजात.

सहावी दिवसाची. शक्यतो तीच वेळ, आणि औषध घेतल्यापासून सारखेच अंतर. रात्रीची झोप, आदल्या दिवशीचे काम आणि त्या क्षणीची वेदना 0 ते 10 यांपैकी किती, हे आकड्याशेजारी लिहावे. भातलावणीच्या दिवसांत किंवा गौरी-गणपतीच्या पाहुण्यांनंतरच्या आठवड्यात घेतलेला आकडा वैशाखातल्या आकड्याशी ताडून पाहू नये. मोजल्यानंतर दुसऱ्या दिवशी दुखणे किती वाढले, हेही विचारावे.

किती फरक हा खरा फरक?

इतके करूनही दोन दिवसांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. सोनाराचा काटा गुंजेचा फरक दाखवतो, भाजीवालीचा काटा छटाकभर इकडेतिकडे होतो. प्रत्येक काट्याची आपली एक चूक असते आणि ती माहीत असली की फसगत होत नाही. म्हणून काहीही उपचार न करता त्याच व्यक्तीला आठवड्याच्या अंतराने मोजून पाहतात. शास्त्रज्ञ हेच अनेक रुग्णांवर करतात आणि किती फरक नुसत्या चढउताराचा आहे हे ठरवतात. पुढे त्यापेक्षा मोठा फरक दिसला तरच बरे-वाईट बोलावे.

आपल्या या बाईचे नव्या रीतीने घेतलेले पहिले दोन आकडे होते 7.4 आणि 7.9. म्हणजे अर्ध्या किलोचा फरक 'काट्याचा'. पुढे सहा आठवड्यांनी भरले 8.1. ती आनंदली, पण मी सांगितले, "ताई, अजून पेढे नकोत." बारा आठवड्यांनी भरले 9.8. तेव्हा मात्र मी स्वतः पेढे मागवले.

हे सारे कशासाठी?

कुणी म्हणेल, दुखणे कमी करा, आकडे कशाला? कारण या आजारात बेताबेताने वाढवलेला व्यायाम हा उपचाराचा कणा आहे. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली सुधारलेल्या शिफारशींत सर्वांत ठाम पाठिंबा दिला तो व्यायामालाच. स्वीडनमध्ये 130 स्त्रियांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 15 आठवडे, आठवड्यातून दोनदा, ताकदीचा व्यायाम दिला गेला. सुरुवात पूर्ण ताकदीच्या सुमारे 40 टक्क्यांपासून झाली आणि हळूहळू ती 80 टक्क्यांपर्यंत नेली. त्यांची ताकद वाढली आणि वेदनाही कमी झाली.

आता पाहा, मात्राच जर ताकदीच्या टक्क्यांत द्यायची, तर ताकद चुकली की मात्रा चुकली. कोपराशी भरलेल्या 8 किलोंचे 40 टक्के, म्हणजे तीन किलोंच्या वर, एवढे वजन जर बाईच्या मुठीत दिले, तर बिजागरीच्या हिशेबाने ते दुपटीहून जड होते. चार दिवस ती अंथरुणाला खिळते आणि म्हणते, "व्यायाम मला मानवत नाही." कायमचा बंद! व्यायामाला मात्र नाहक दोष येतो.

दुसरे कारण घरातले. ज्या दुखण्याचा एक्स-रे निघत नाही, ते दुखणे घरच्यांना दिसत नाही. नीट मोजलेला आकडा ते थोडेफार दाखवतो. पण हाच आकडा निष्काळजीपणे घेतला तर निरपराध बाईला खोटे ठरवतो. ताकद कमी-जास्त भरली एवढ्यावरून कुणालाही ढोंगी म्हणू नये, अगदी नीट मोजूनसुद्धा.

सावध राहावे अशी लक्षणे

खांद्याचे प्रत्येक दुखणे फायब्रोमायल्जिया नसते. दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल तर खांदा आखडलेला असू शकतो. मधुमेहींत हे फार आढळते. एकाच हातातली शक्ती अचानक गेली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले तर क्षणभरही न थांबता मोठे रुग्णालय गाठावे. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण आणि घाम असेल तरीही तसेच. स्नायू वाळू लागणे, जमिनीवरून उठता न येणे, ताप, वजन घटणे, सांध्यांना सूज येणे, यांसाठी डॉक्टरांकडून वेगळ्या तपासण्या करून घ्याव्यात. थायरॉइडचा दोष आणि 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही अंग दुखते, तेव्हा त्या तपासण्या राहिल्या असतील तर विचाराव्यात.

घरी जोराने ताकद आजमावत बसू नये. एक वही मात्र जरूर ठेवावी. झोप कशी लागली, दिवसाचे काम काय झाले, किती कपडे न थांबता वाळत घातले, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात धरून हात किती वेळा उचलला आणि दुसऱ्या दिवशी कसे वाटले, एवढे चार ओळींत लिहावे. दुसऱ्या दिवशी दुखणे फार वाढले तर मात्रा थोडी कमी करावी, व्यायाम सोडू नये. आणि तपासणीला जाताना ती वही बरोबर न्यावी.

ती बाई अजून येते. दुखणे पूर्ण गेलेले नाही, पावसाळ्यात ते डोके वर काढते. पण विहिरीचे पाणी ती पुन्हा ओढू लागली आहे आणि मुलीची वेणीही घालते. परवा यंत्राला हात लावण्याआधी मलाच म्हणाली, "मॅडम, खूण केलीत ना?"